पेट्रोलवरचे छोटे हेलिकॉप्टर : नाद करायचा तर असा करा

पाचाडच्या माणसाला हेलिकॉप्टरचे नवल राहिलेले नाही. रायगडाच्या पायथ्याचे गाव, मोठ्या मंडळींची ये-जा कायमची. डिसेंबर २०२१ मध्ये तत्कालीन राष्ट्रपती रामनाथ कोविंद गडावर आले, तेव्हा हेलिकॉप्टर गडावर उतरवायचे नाही असे ठरले आणि देशाचे राष्ट्रपती चार लोकांसारखे रोपवेने वर गेले. पुढे ३ मे २०२४ रोजी महाडला, राजकीय नेत्या सुषमा अंधारे यांना न्यायला आलेले एक खासगी हेलिकॉप्टर मैदानात उतरता उतरता डगमगले, धुळीचा लोट उठला आणि ते तिथेच कोसळले. वैमानिक सुखरूप बाहेर आला, पंख्यांचे मात्र तुकडे झाले. म्हणजे हे यंत्र चढते कसे आणि पडते कसे, दोन्ही आमच्या तालुक्याने डोळ्यांनी पाहिले आहे.

आज आम्ही लिहिणार आहोत ते या यंत्राच्या धाकट्या भावाविषयी. वजन पाच-सहा किलो, वरच्या पंख्याचा घेर दीड मीटर, खाली उभ्या माणसाच्या हातात रेडिओचा रिमोट, आणि पोटात बॅटरीची मोटर नव्हे तर खरेखुरे पेट्रोल इंजिन. कापडाचा व्यापार करणाऱ्याने व्यापाराच्या पानावर हेलिकॉप्टरची चर्चा का करावी, असे कोणी विचारील. कारण असे की या यंत्राला जे हुनर लागते ते आपल्या मोहल्ल्यात आधीपासून आहे. गवत कापायचे यंत्र दुरुस्त करणारा मेकॅनिक, लेथवर बसणारा कारागीर, भिवंडी-मालेगावचा पॉवरलूमचा जॉबर, आखातात काम करून परतलेला तरुण, यांच्यापैकी कोणालाही हे यंत्र समजायला आठ दिवसांपेक्षा जास्त लागणार नाहीत. उडवायला मात्र सहा महिने लागतात. हा फरक ज्यांना कळला नाही त्यांनी पैसे घालवले, आणि एकाने तर प्राण घालवला.

फुलसावंगीचा इस्माईल

यवतमाळ जिल्ह्याच्या महागाव तालुक्यात फुलसावंगी गाव आहे. तिथला शेख इस्माईल शेख इब्राहिम हा वेल्डिंग-फॅब्रिकेशन करणारा तरुण. शिक्षण आठवीपर्यंत. कपाटे, कूलर बनवता बनवता त्याच्या मनाने घेतले की आपण हेलिकॉप्टर बनवायचे. खेळण्यातले नव्हे, माणूस बसेल असे. सुमारे दोन वर्षे तो त्यामागे होता. गावाने त्याचे नाव मुन्ना हेलिकॉप्टर असे पाडले होते. १५ ऑगस्टला लोकांसमोर उडवून दाखवायचे, असा त्याचा इरादा होता. ऑगस्ट २०२१ मध्ये त्याच्या चार-पाच दिवस आधी, रात्रीच्या वेळी, जमिनीवरच चाचणी सुरू असताना शेपटीकडच्या पंख्याचे पाते तुटले, ते मोठ्या पंख्यावर आदळले आणि तो पंखा इस्माईलला लागला. वय अवघे चोवीस.

त्याने बसवलेले इंजिन मारुती ८०० गाडीचे होते. कापडाच्या धंद्यातल्या माणसाला इथे एक गोष्ट आठवल्याशिवाय राहत नाही. मारुतीचे तंत्र जपानच्या सुझुकीचे, आणि सुझुकीचा मूळ धंदा हातमाग-यंत्रमाग बनवण्याचा. मिचिओ सुझुकी यांनी १९०९ मध्ये हामामात्सु गावात माग बनवण्याचा कारखाना काढला, मोटारी फार नंतर आल्या. टोयोटाचेही तेच, आधी स्वयंचलित माग आणि मग मोटार. म्हणजे साळ्याच्या मागापासून इंजिनापर्यंत जाण्याचा रस्ता आहे, तो कोणी बंद केलेला नाही. पण त्या लोकांनी तो पायरी पायरीने चढला.

इस्माईलला कोणी उस्ताद मिळाला नाही. जे त्याने माणूस बसेल एवढ्या आकारात शोधायचा प्रयत्न केला, तेच सारे प्रश्न पाच किलोच्या यंत्रात जसेच्या तसे येतात. पात्यावरचा ताण, शेपटीचा पंखा, कंपन, क्लच, गिअर, सगळे. फरक एवढाच की तिथे माणूस पन्नास फूट लांब उभा असतो. परदेशात हेलिकॉप्टर बनवणारे आधी नमुने उडवतात ते हौसेखातर नव्हे. जर्मनीच्या डीटर श्ल्यूटर यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीस रेडिओवर चालणारे हेलिकॉप्टर नीट उडवून दाखवले, आणि पुढे त्याचे सुटे भाग पेटीत भरून विकले, तेव्हापासून हा नाद जगभर पसरला. जपानमध्ये यामाहाने त्याच विचाराने आर-५० नावाचे पेट्रोलवरचे बिनमाणसाचे हेलिकॉप्टर १९८७ मध्ये बाजारात आणले, भातशेतीवर औषध फवारण्यासाठी. नंतर १९९७ मध्ये आरमॅक्स आले. आज आपण ज्याला शेतीचा ड्रोन म्हणतो, त्याचे काम हे यंत्र आमच्या कोकणासारख्याच भाताच्या खाचरांवर तेव्हापासून करत होते.

इंजिन ओळखीचेच आहे

छोट्या हेलिकॉप्टरची इंजिने दोन जातींची. एक ग्लो इंजिन, ज्यात मिथेनॉल, नायट्रोमिथेन आणि तेल यांचे मिश्रण जळते. दुसरे पेट्रोलचे. ग्लो इंजिन हलके आणि जोरकस, पण त्याचे इंधन आपल्याकडे मिळवणे म्हणजे डोकेदुखी. मिथेनॉल विषारी आहे, विषारी दारूच्या किती घटनांत त्याने माणसे मेली ते सर्वांना माहीत आहे. त्याच्या खरेदी-विक्रीवर परवान्याची बंधने आहेत आणि ती असायलाच हवीत. पेट्रोल मात्र महाडच्या पंपावर मिळते. पेट्रोल इंजिन जड असते, कंप जास्त करते, पण कमी पितो आणि जास्त चालतो असा हा गडी आहे. अर्ध्या लिटरच्या आतबाहेरच्या टाकीवर पंधरा-वीस मिनिटे सहज उडते. बॅटरीवरचे त्याच आकाराचे हेलिकॉप्टर पाच-सात मिनिटांत खाली बोलवावे लागते.

आता हे इंजिन कोणते, तर आमच्या आंबा-काजूच्या बागांत पावसाळ्यानंतर दिवसभर घुरघुरणारे गवत कापायचे यंत्र आहे ना, त्याचे सख्खे भावंड. २३ ते २६ सीसी, एक सिलिंडर, टू-स्ट्रोक, हवेने थंड होणारे. या कामात जपानच्या झेनोआ कंपनीच्या इंजिनांनी नाव मिळवले, आणि झेनोआचा धंदा गवत आणि झाडे कापण्याच्या यंत्रांचाच. कार्ब्युरेटरही तोच पडद्याचा, ज्यात फ्लोट नसतो. त्यामुळे यंत्र आडवे झाले, उलटे झाले तरी पेट्रोल मिळत राहते. त्यावर दोन स्क्रू. एक मंद गतीचा, दुसरा पूर्ण गतीचा. ज्या मेकॅनिकने शंभर गवतकापणी यंत्रांचे हे स्क्रू कानाने ऐकून जुळवले आहेत, त्याला अमेरिकेचे पुस्तक वाचायची गरज नाही.

तेल पेट्रोलमध्ये मिसळायचे प्रमाण इंजिनासोबत आलेल्या कागदावर असते, तेच पाळावे. साधारणपणे २५ ला १ ते ५० ला १ या दरम्यान ते असते. २५ ला १ म्हणजे एक लिटर पेट्रोलला ४० मिलिलिटर तेल, ५० ला १ म्हणजे २० मिलिलिटर. अंदाजाने झाकणभर ओतणारे बहाद्दर आमच्याकडे आहेत, त्यांनी इथे मापाची नळी वापरावी. नवे इंजिन पहिल्या काही लिटरपर्यंत जास्त तेलावर आणि थोड्या गढूळ, म्हणजे पेट्रोल जास्त असलेल्या मिश्रणावर चालवतात. धूर जास्त येतो, येऊ द्यावा. पहिल्याच दिवशी स्क्रू आवळून जोर काढायला गेले की पिस्टन तापतो आणि जाम होतो.

एक नवी गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असते. इथेनॉल हवेतले पाणी ओढते, आणि महाड-पोलादपूरच्या पावसाळी हवेला पाण्याची काय कमी? टाकीत महिनाभर पेट्रोल राहिले की पाणी वेगळे होऊन तळाला बसते, रबराच्या नळ्या फुगतात, कार्ब्युरेटरचा पडदा कडक पडतो. म्हणून दिवसाचे उडवणे संपले की टाकी रिकामी करायची आणि इंजिन तसेच चालवून कार्ब्युरेटरमधले उरलेसुरले जाळून टाकायचे. फवारणी पंपवाल्यांनीही हे केले तर त्यांचा हंगामाच्या सुरुवातीचा निम्मा त्रास वाचेल.

इथे एक खुलासा करतो, नाहीतर उद्या कोणीतरी बागेतले यंत्र उघडून बसेल. गवत कापायचे इंजिन काढले आणि हेलिकॉप्टरला लावले, असे होत नाही. हेलिकॉप्टरच्या इंजिनाला त्याचा स्वतःचा थंड करणारा पंखा, त्याभोवती पत्र्याचे किंवा प्लास्टिकचे आवरण आणि अगदी मध्यावर बसणारा क्लच लागतो. तो बसवताना लेथवाल्याला जो शब्द कळतो, रन-आउट, तो मोजण्यासाठी डायल गेज लावावा लागतो. सुतापेक्षाही बारीक फरक राहिला, तरी दहा-अकरा हजार फेऱ्यांवर सारे यंत्र थरथरते.

आत काय चालते

इंजिन मिनिटाला दहा-अकरा हजार फेरे घेते. मधल्या गिअरने ते सुमारे सात पट कमी होऊन वरचा पंखा पंधराशेच्या आसपास फिरतो. क्लच आहे तो लूनासारखा. जुन्या मंडळींना लूना आठवत असेल, पुण्याच्या कंपनीची. मंद गतीला क्लचचे शू आत असतात, गती वाढली की बाहेर फेकले जाऊन ड्रम पकडतात. त्यामुळे इंजिन चालू असूनही पंखा स्थिर राहू शकतो. हीच सोय आणि हाच धोका, कारण थ्रॉटल थोडा उघडा राहून इंजिन सुरू झाले तर क्लच ताबडतोब पकडतो आणि जवळ वाकलेल्या माणसाच्या तोंडासमोर पंखा फिरू लागतो.

वर-खाली जायला इंजिनाची गती बदलायची नसते, हे नव्या माणसाला पटत नाही. पंख्याची गती कायम ठेवून पात्यांचा कोन बदलतात. जमिनीपासून अधांतरी उभे राहायला पाच-सहा अंशांचा कोन पुरतो. पुढे-मागे, डावी-उजवीकडे जायला तोच कोन फेऱ्याच्या एका बाजूला जास्त, दुसरीकडे कमी करतात. त्यासाठी मधल्या दांड्यावर एक तबकडी तिरकी होते, आणि तिला तीन छोटी सर्व्हो यंत्रे ढकलतात. शेपटीचा पंखा यंत्राला गरगर फिरू देत नाही. तो मोठ्या पंख्याच्या साडेचार-पाच पट गतीने फिरतो. फुलसावंगीला जे पाते तुटले ते याच जागचे.

पात्यावर ताण किती येतो, याचा हिशोब आम्ही एका इंजिनिअर मित्राकडून करून घेतला. सत्तर सेंटिमीटर लांब, एकशे ऐंशी ग्रॅम वजनाचे पाते मिनिटाला पंधराशे फेऱ्यांनी फिरते, तेव्हा ते बाहेर ओढले जाते सुमारे पावणेदोनशे किलोच्या ओढीने. रुईची एक गाठ १७० किलोची. म्हणजे एका बोल्टवर रुईची आख्खी गाठ टांगलेली आहे असे समजा, आणि दुसऱ्या बाजूला दुसरी. पात्याचे टोक ताशी चारशे किलोमीटरहून जास्त वेगाने जाते. ज्या घरात हे यंत्र येईल त्या घराने हे दोन आकडे भिंतीवर लिहून ठेवावेत. पाते चिकटवून, टाके मारून, रंग लावून पुन्हा वापरायचे नाही. जमिनीला एकदा लागले की ते पाते मोडून टाकायचे, म्हणजे पुन्हा कोणाला मोह होणार नाही. बसवण्याआधी दोन्ही पाती तराजूत तोलून सारखी करावीत. इथे सोनाराचा तराजू चालेल, वाण्याचा नको.

कंपनामुळे स्क्रू सैल होतात. धातूत धातू बसतो तिथे लॉकटाइटचा थेंब, बाकीच्या ठिकाणी नायलॉनचे नट. प्रत्येक उड्डाणानंतर हात फिरवून पाहायचे. पॉवरलूमचा चांगला जॉबर पाळी बदलताना मागावरून जसा हात फिरवतो तसा.

आणखी एक त्रास असा आहे की तो कापडवाल्याला लगेच समजेल. थंडीच्या कोरड्या दिवसांत पॉलिएस्टरचा ताका उलगडला की चटचट आवाज येतो, हाताला झटका बसतो. काही हेलिकॉप्टरांत शेपटीचा पंखा रबरी पट्ट्यावर फिरतो, आणि तो पट्टा घासून अशीच वीज तयार करतो. ती साठून ठिणगी पडली की रेडिओ क्षणभर गोंधळतो. म्हणून शेपटीची नळी आणि इंजिनाचा सांगाडा तारेने जोडतात. स्पार्क प्लगही रेझिस्टर असलेलाच घ्यावा, आणि रेडिओचा रिसीव्हर इंजिनाच्या ठिणगीपासून जितका लांब बसेल तितका लांब बसवावा. पूर्वीच्या ७२ मेगाहर्ट्झच्या रेडिओंना या ठिणगीचा फार उपद्रव व्हायचा. आताच्या २.४ गिगाहर्ट्झच्या रेडिओंना कमी होतो. कमी म्हणजे नाही असे नव्हे.

पहिला दिवस कसा असावा

आमचे म्हणणे असे की पहिल्या तीन महिन्यांत यंत्र विकतच घेऊ नये. संगणकावर सराव करण्याचे प्रोग्राम मिळतात, त्याला खराच रिमोट जोडता येतो. तिथे रोज अर्धा तास बसावे. संगणकात हेलिकॉप्टर शंभर वेळा पडले तरी एक बटण दाबले की पुन्हा उभे राहते. मैदानात एकदा पडले की पाती, मुख्य दांडा, शेपटीची नळी, कधी गिअरही गेला, आणि भाग परदेशातून यायला महिना. पुण्या-मुंबईत हा नाद करणारी मंडळी आहेत. शाळा-कॉलेजातील मुलांना एनसीसीच्या हवाई दलात एरोमॉडेलिंग शिकायला मिळते. आपली मुले तिथे कमी दिसतात, हे आमचे निरीक्षण आहे. पालकांनी लक्ष घालावे.

मग मैदान. यंत्राच्या पायाला बाहेर पसरणाऱ्या लांब काड्या बांधतात, टोकाला पोकळ चेंडू, म्हणजे ते सहज कलंडत नाही. रिमोट आधी सुरू करायचा, हेलिकॉप्टर नंतर. बंद करताना उलट, हेलिकॉप्टर आधी. थ्रॉटल अगदी खाली आहे, थ्रॉटल रोखणारे बटण दाबलेले आहे, हे तोंडाने म्हणून पाहावे. एका हाताने पंख्याचा मधला भाग घट्ट धरायचा, दुसऱ्याने दोरी ओढायची. सैल बाह्या, मफलर, गळ्यातला रुमाल नको. इंजिन लागले की यंत्र उचलून दहा पावले दूर ठेवायचे आणि पंखा फिरवायचा तो तिथेच. बघ्यांना पन्नास-साठ फूट मागे, आणि मुलांना त्याहून मागे. डोळ्यांवर चष्मा हवा. इंजिन तोडणारा वेगळा स्विच हवा, आणि रेडिओचा संपर्क तुटला तर थ्रॉटल आपोआप खाली यावा अशी सोय रिसीव्हरमध्ये करून ठेवावी लागते. ही सोय केली आहे का, हे पंखा फिरवण्याआधी रिमोट बंद करून तपासायचे.

सुरुवातीचे आठवडे शेपूट आपल्याकडे ठेवून फक्त जमिनीपासून वीतभर, हातभर उचलायचे आणि ठेवायचे. मग एक बाजू आपल्याकडे. सर्वात शेवटी तोंड आपल्याकडे, कारण तेव्हा डावे-उजवे उलटे होते आणि भल्याभल्यांचा हात चुकतो. आजकाल जायरो लावलेले असतात, त्यामुळे शेपूट पूर्वीसारखी पळत नाही. परंतु चार पंख्यांचा ड्रोन जसा हात सोडला तरी जागेवर उभा राहतो, तसे हे उभे राहणार नाही. ज्याने ड्रोन उडवला आहे त्याने आपल्याला हेलिकॉप्टर येते असे समजू नये.

इंजिन हवेत बंद पडले तर काय, हा प्रश्न सगळे विचारतात. पडत नाही, लगेच तरी नाही. पात्यांचा कोन ताबडतोब कमी केला की खालून येणाऱ्या हवेने पंखा फिरत राहतो, आणि जमिनीजवळ आल्यावर कोन वाढवला की यंत्र हळू टेकते. मोठ्या हेलिकॉप्टरचे वैमानिकही हेच करतात. हे येईपर्यंत फार उंच जाऊ नये.

कायदा

हा भाग कंटाळवाणा आहे, पण वाचावा. ऑगस्ट २०२१ पासून देशात ड्रोन नियम लागू आहेत, आणि रेडिओवर चालणारे हेलिकॉप्टर त्यात येते. दोन किलोच्या वर आणि पंचवीस किलोपर्यंत वजन असलेले यंत्र 'स्मॉल' वर्गात. म्हणजे आपले पेट्रोलवाले याच वर्गात. हौसेसाठी, शिक्षणासाठी, संशोधनासाठी नजरेच्या टप्प्यात उडवायच्या नमुन्याला प्रकार-प्रमाणपत्रातून सूट आहे. पण नोंदणी क्रमांक घ्यावा लागतो, तिसऱ्या माणसाच्या नुकसानीचा विमा लागतो, आणि उडवणाऱ्याकडे रिमोट पायलटचे प्रमाणपत्र लागते. अडीचशे ग्रॅमपर्यंतची यंत्रे, आणि धंद्यासाठी नसतील तर दोन किलोपर्यंतची, यांनाच या प्रमाणपत्रातून सूट आहे. उडवायचे ते हिरव्या पट्ट्यात, ४०० फुटांच्या आत. विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या दरम्यान असाल तर २०० फुटांच्या आत. आपली जागा कोणत्या पट्ट्यात येते ते डिजिटल स्काय नकाशावर पाहून घ्यावे. नियम मोडल्यास एक लाखापर्यंत दंड आहे.

प्रमाणपत्राची अट अशी की उमेदवार १८ ते ६५ वर्षांचा असावा, दहावी उत्तीर्ण असावा आणि मान्यताप्राप्त संस्थेत प्रशिक्षण घेतलेला असावा. दहावीपाशी आमच्या कारागिरांपैकी किती थांबतात? फुलसावंगीच्या इस्माईलने शाळा आठवीत सोडली होती. आज तो असता तर यंत्र बनवायला, जुळवायला त्याला कोणी अडवले नसते, पण ते उडवायचे प्रमाणपत्र त्याला मिळाले नसते. आपल्या दुकानात, कारखान्यात, गॅरेजमध्ये काम करणाऱ्या ज्या पोरांची दहावी राहिली आहे त्यांना राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून ती परीक्षा देता येते. माध्यम उर्दूही आहे. मालकांनी फी भरावी आणि परीक्षेचे आठ दिवस सुटी द्यावी. पगार कापू नये.

आखातातल्या भावंडांसाठी एक सूचना. तिथल्या दुकानांत ही यंत्रे तयार मिळतात आणि मोह होतो. फेब्रुवारी २०२२ पासून तयार ड्रोन, तसेच जोडायला ठेवलेले पूर्ण किंवा अर्धे संच, परदेशातून आणण्यावर सरकारने बंदी घातली आहे. सुट्या भागांना मोकळीक आहे. विमानतळावर सामानात ड्रोन असेल तर तो जाहीर करावा लागतो. आमच्या माहितीतल्या एका घरी मुलाने आणलेली पेटी विमानतळावरच राहिली, आणि ती सोडवण्याच्या खटपटीत पेटीच्या किमतीइतका खर्च झाला. आणायचेच असेल तर आधी कस्टमच्या जाणकाराला विचारावे, बिल जवळ ठेवावे.

यात रोजी आहे का

सरळ सांगतो, पेट्रोलवरच्या छोट्या हेलिकॉप्टरांचे दुकान काढून महाडला पोट भरणार नाही. हेलिकॉप्टर, रेडिओ, सर्व्हो, जायरो धरून खर्च लाखाच्या पुढे जातो. गिऱ्हाईक हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. जगातही बॅटरीने या यंत्रांची जागा बरीच घेतली आहे. आकाशातून चित्रीकरण करायला पूर्वी पेट्रोलची हेलिकॉप्टरे कॅमेरा बांधून नेत, ते काम आता ड्रोन करतात. जो कोणी तुम्हाला याची एजन्सी घ्या म्हणून डिपॉझिट मागेल, त्याच्यापुढे चहा ठेवा आणि वाटेला लावा.

पण हात तयार होतो, आणि त्या हाताला काम आहे. हे यंत्र जुळवायला शिकलेला मुलगा टू-स्ट्रोक इंजिन, बारीक गिअर, सर्व्हो, रेडिओ, बॅटरी आणि तोल साधणे, एवढ्या सहा गोष्टी एकाच वेळी शिकतो. आज गवतकापणी आणि फवारणीची यंत्रे गावागावात आहेत, आणि दुरुस्तीला ती शहरातच न्यावी लागतात. शेतीचे ड्रोन येत आहेत. केंद्राने नोव्हेंबर २०२३ मध्ये महिला बचत गटांना पंधरा हजार ड्रोन देण्याची योजना मंजूर केली. ते ड्रोन बिघडणार, पाती तुटणार, मोटरी जळणार. आंब्याच्या मोहोरावर फवारणी ऐन हंगामात अडली तर बागायतदार दुरुस्तीचे दाम विचारत बसत नाही. लग्नात चित्रीकरणाचे ड्रोन उडवणारेही आता पोलादपूरपर्यंत आहेत. मात्र धंद्यासाठी उडवायला प्रमाणपत्र हवेच, हे त्यांतल्या काहींच्या गावीही नाही.

लेथवाल्यांनाही थोडा वाव आहे. मुख्य दांडा, क्लचचा ड्रम, इंजिन बसवायची ॲल्युमिनियमची चौकट, हे भाग परदेशातून मागवण्याऐवजी इथे होऊ शकतात. धातू योग्य दर्जाचा मात्र हवा. भंगारातला दांडा वळवून हेलिकॉप्टरला लावणे आणि भंगारातला दांडा हातगाडीला लावणे, यांत फरक आहे. पाती तर इथे बनवूच नयेत, ती कारखान्यातलीच घ्यावीत.

पाचाडच्या आसपास कुठे उडवावे, असे दोन-तीन तरुणांनी आम्हाला विचारले, म्हणून शेवटी तेवढे लिहितो. गडावर नाही. ते संरक्षित स्मारक आहे, परवानगीशिवाय तिथे काहीही उडवता येत नाही, आणि लोकांच्या भावनांचाही विचार हवा. जिजाऊंच्या समाधीच्या आणि वाड्याच्या परिसरातही नाही. रोपवेच्या तारांच्या बाजूला तर चुकूनही नाही. जूनमध्ये राज्याभिषेक सोहळ्याला आणि बड्या पाहुण्यांच्या दौऱ्याच्या वेळी यंत्र पेटीतून बाहेरच काढू नये, पोलिसांना उत्तरे देत बसावे लागेल. भाताची कापणी झाली की नोव्हेंबरअखेरपासून खाचरे कोरडी पडतात, रब्बीचे वाल-पावटे नसलेली दोन-तीन सलग खाचरे शेतमालकाला विचारून घ्यावीत. बांध असतात, म्हणून यंत्राखाली जुनी ताडपत्री किंवा प्लायवूडचा तुकडा टाकावा. महाडला उठली तशी धूळ उठत नाही आणि पात्याला ढेकूळ लागत नाही. सकाळी आठ-नऊपर्यंत वारा पडलेला असतो. दुपारनंतर वारा सुटतो, तेव्हा आवरते घ्यावे. विजेच्या तारा आधी पाहून ठेवाव्यात. आवाज लांबवर जातो, म्हणून जवळ गुरे बांधलेली असतील तर दुसरी जागा शोधावी, आणि पहिल्या दिवशी सरपंच आणि पोलीस पाटील यांच्या कानावर घालावे.